शून्याच्या वाट्याचा एक

दहा वस्तू दहा जागी किती प्रकारांनी मांडता येतील, हा प्रश्न दिसायला पोरखेळाचा आहे. परंतु त्याचे उत्तर ऐकले म्हणजे माणूस थोडा वेळ गप्प बसतो. भास्कराचार्यांनी तो 'लीलावती'च्या अखेरीस, अंकपाश नावाच्या प्रकरणात घातला आहे. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, शर आणि चाप अशा दहा वस्तू आहेत. त्या या हातातून त्या हातात बदलत गेल्या, तर मूर्तीचे भेद किती होतील? आणि त्याच रीतीने हरीच्या चार हातांतील गदा, चक्र, कमळ आणि शंख यांचे किती होतील? हरीच्या मूर्ती २४ होतात आणि शंभूच्या ३६,२८,८००. एखाद्या पाथरवटाने रोज एक मूर्ती घडवायचे मनावर घेतले, तर त्याच्या वंशाला जवळजवळ दहा हजार वर्षे काम पुरेल.

यातला चोवीस हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. संध्येच्या आरंभी केशव, नारायण, माधव अशी विष्णूची जी चोवीस नावे घेतली जातात, त्या चोवीस मूर्ती मूर्तिशास्त्रात या चार वस्तू कोणकोणत्या हातांत आहेत यावरूनच ओळखल्या जातात. भटजींनी नावे पाठ केली, पाथरवटांनी हात पाठ केले आणि आचार्यांनी हिशेब केला. तिघांचा आकडा एकच आला.

हिशेबाची रीत सोपी आहे. शंभूच्या पहिल्या हातात दहांपैकी कोणतीही वस्तू देता येते. ती दिली की दुसऱ्या हातासाठी नऊ उरतात, तिसऱ्यासाठी आठ, आणि शेवटच्या हाताला उरलेली एक निमूटपणे घ्यावी लागते. म्हणून दहा गुणिले नऊ गुणिले आठ असे एकापर्यंत उतरत जायचे. भास्कराचार्य खालून वर चढतात. एकापासून आरंभ करून जितकी स्थाने असतील तितक्या अंकापर्यंत गुणाकार करावा, असे ते सांगतात. आज या गुणाकाराला क्रमगुणित म्हणतात आणि आकड्यापुढे उद्गारचिन्ह देऊन तो लिहितात. ४! म्हणजे २४ आणि १०! म्हणजे ३६,२८,८००. पत्त्यांच्या बावन्न पानांच्या कॅटाचे क्रम मोजू गेले, तर उत्तर अडुसष्ट आकडी येते. नीट पिसलेला कॅट आज ज्या क्रमाने आपल्या हाती येतो, त्या क्रमाने तो पूर्वी कधी कोणाच्या हाती आला नसावा, असे समजायला मुळीच हरकत नाही.

येथवर कोणाचे भांडण नाही. भांडण सुरू होते ते उतरता उतरता एकाच्याही खाली पाय ठेवला म्हणजे. चार हातांच्या मूर्ती चोवीस, तीन हातांच्या सहा, दोन हातांच्या दोन, एका हाताची एक. मग जिला हातच नाहीत आणि जिच्यापुढे एकही वस्तू ठेवलेली नाही, तिचे प्रकार किती? पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत असते. शून्याचे क्रमगुणित एक मानतात.

मी भाषेचा मास्तर. गणिताशी माझा रीतसर संबंध मॅट्रिकपर्यंतचा. पण आमच्या शाळेतून पुढे गेलेली मुले कधीकधी अकरावीचे पुस्तक बगलेत मारून घरी येतात आणि गणिताच्या मास्तरांना विचारायला जे बिचकतात ते मला विचारतात. "सर, यात मानायचे काय? काहीच नाही तर उत्तर शून्य यायला पाहिजे." वर्गात असे विचारणाऱ्या मुलाला बहुधा सांगितले जाते की ती व्याख्या आहे आणि व्याख्येला कारण विचारायचे नसते. मुलगा खाली बसतो, ओळ पाठ करतो, त्याला गुणही मिळतात. पण त्या दिवशी त्याच्या मनात एक समजूत पक्की होते, ती अशी की गणित हे कोणा वरच्या माणसाने काढलेले फर्मान आहे. ही समजूत मला फार वाईट वाटते. गणित सोडले तर इतर बहुतेक ठिकाणी त्याला फर्मानेच ऐकायची आहेत. निदान या एका घरात तरी 'का?' म्हणायची सोय असते, हे त्याला कळायला हवे.

आपल्या भाषेत 'मानणे' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. मानला तर देव, नाही तर दगड, असेही आपण म्हणतो. आणि पंचांचा निवाडा मानला, असेही म्हणतो. पहिल्या मानण्यात पुरावा लागत नाही. दुसऱ्यात साक्षीपुरावा होऊन गेलेला असतो. शून्याचे क्रमगुणित एक मानतात यातले मानणे कोणत्या जातीचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

*

साक्षी पुष्कळ जुन्या आहेत, आणि त्यांतली पहिली आपल्या घरचीच आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गेल्याच्या मागच्या शतकात उजेडात आणला, तो आचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, १२०७ च्या सुमारास कोरविला. हा चांगदेव यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने तेथे मठ घातला. लेखाच्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत, आणि त्यांत पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय काय द्यायचे याची नोंद आहे. म्हणजे शंभूच्या हातांचा हा हिशेब एकेकाळी खानदेशातल्या एका मठात, बाजाराच्या वाट्यावर जगणाऱ्या विद्यार्थ्यांनी, धुळपाटीवर केला असला पाहिजे. अंकपाशाच्या शेवटी आचार्य त्यांना थोडे डिवचतातही. यात गुणक नाही, भाजक नाही, वर्ग नाही, घन नाही, तरीही गर्विष्ठ गणकबटूंची येथे घसरण व्हायचीच, असा त्यांचा भाव आहे.

दुसरीकडेही माणसे याच जिन्यावर चढत होती. 'सेफर यत्झिरा' नावाच्या प्राचीन हिब्रू ग्रंथात अक्षरांना दगड आणि शब्दांना घरे कल्पून सांगितले आहे की दोन दगडांची दोन घरे होतात, तिनांची सहा, चारांची चोवीस. असे करीत सात दगडांची ५०४० होतात आणि त्यापुढचे मोजणे तोंडाच्या व कानाच्या आवाक्याबाहेरचे आहे. प्लेटोनेही आपल्या 'लॉज' या संवादात आदर्श नगरीतील कुटुंबांची संख्या ५०४० च ठरविली. त्याचा हेतू निराळा होता. या संख्येला एकापासून दहापर्यंतच्या प्रत्येक संख्येने निःशेष भाग जातो, त्यामुळे जमिनीची आणि कामांची वाटणी सोपी पडते. पण ५०४० म्हणजे सातांचे क्रमगुणितच, आणि इतके भाग जाण्याचे रहस्यही त्या गुणाकारातच आहे.

इंग्लंडात हे गणित देवळांच्या मनोऱ्यांत वाजू लागले. तेथे चर्चच्या मोठ्या घंटा एकामागून एक वाजविण्याची जुनी चाल आहे. सर्व घंटा एकदा वाजल्या की एक फेर होतो. पुढच्या फेरात क्रम बदलायचा, आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येता कामा नये. फेबियन स्टेडमन याने १६७७ साली या विद्येवर पुस्तक लिहिले. सात घंटांचे ५०४० फेर व्हायला सुमारे तीन तास लागतात. आठवी घंटा आली की फेर ४०,३२० होतात. भास्कराचार्यांनी दोनपासून नऊपर्यंतच्या आठ अंकांच्या संख्या किती, असा प्रश्न घातला आहे, त्याचेही उत्तर ४०,३२० च आहे. आचार्यांनी जे लेखणीने मोजले, ते १९६३ च्या जुलै महिन्यात लफबरो येथे आठ माणसांनी दोर ओढून प्रत्यक्ष वाजविले. सुमारे अठरा तास ते मनोऱ्यात उभे होते. क्रमगुणित किती झपाट्याने फुगते हे ज्यांच्या दंडांना कळले, अशी माणसे जगात थोडीच असतील.

उद्गारचिन्हाची गोष्टही येथेच सांगून टाकतो. ते वापरले स्ट्रासबर्गच्या ख्रिश्चन क्राम्प याने, १८०८ साली. हा गृहस्थ शिक्षणाने वैद्य होता. चिन्ह सोयीचे होते, कारण छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीत ते आधीच होते. इंग्लंडात मात्र बराच काळ आकड्याच्या डावीकडे उभी आणि खाली आडवी रेघ देण्याची पद्धत चालू राहिली; हॉल आणि नाइट यांच्या १८८७ च्या बीजगणितात तीच आहे, आणि त्या पुस्तकावर आपल्याकडच्याही पिढ्या पोसल्या. ऑगस्टस डी मॉर्गन हा गणिती जन्माने आपल्या मदुरेचा. व्यवहारात ज्या चिन्हाला ठरलेला अर्थ आहे ते गणितात आणल्याबद्दल १८४२ साली त्याने कडक टीका केली. दोन, तीन, चार असले आकडे उत्तरात सापडल्याचे लेखकाला आश्चर्य वाटत आहे, असे ते पान दिसते, अशी त्याची तक्रार होती. तक्रार रास्त होती, पण चिन्ह टिकले. चिन्ह निव्वळ सोयीने टिकू शकते. व्याख्या तशी टिकत नाही, हे पुढे दिसेल.

*

आता मुख्य साक्षीकडे येऊ. मांडणीचा प्रश्न सोडून निवडीचा घेऊ, कारण शून्याची खरी गाठ तेथे पडते.

'लीलावती'त आचार्यांनी विचारले आहे की गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू अशा सहा रसांपैकी एकेक, दोनदोन, तीनतीन घेऊन पदार्थ केले तर त्यांचे प्रकार किती होतील? त्यांची रीत अशी: वरच्या ओळीत सहापासून एकापर्यंत उलटे अंक लिहायचे, खालच्या ओळीत एकापासून सहापर्यंत सुलटे. मग वरच्याने गुणीत आणि खालच्याने भागीत पुढे जायचे. सहाला एकाने भागले, सहा. त्याला पाचाने गुणून दोहोंनी भागले, पंधरा. मग वीस, पुन्हा पंधरा, सहा, आणि शेवटी एक. एकूण त्रेसष्ट. त्याच रीतीने आठ दारांच्या राजवाड्यात एक, दोन, तीन अशी दारे उघडी ठेवण्याचे प्रकार २५५ होतात.

आचार्यांनी तोच हिशेब छंदांनाही लावला आहे. गायत्रीच्या एका पादात सहा अक्षरे. त्यांतले एक अक्षर गुरू असेल, दोन असतील, तीन असतील, तर प्रकार किती? आकडे तेच येतात: सहा, पंधरा, वीस, पंधरा, सहा, एक. परंतु येथे आचार्य एक आणखी मिळवितात. एकही गुरू नसलेला, सगळीच अक्षरे लघू असलेला पाद. त्यामुळे एकूण त्रेसष्ट होत नाहीत, चौसष्ट होतात.

हा एक आकडा मला फार बोलका वाटतो. एकही रस नसलेला पदार्थ हा पदार्थच नव्हे, म्हणून स्वयंपाकघरात तो मोजला नाही. सगळी दारे बंद असलेला वाडा राजाच्या काय कामाचा, म्हणून तोही मोजला नाही. पण एकही गुरू नसलेला पाद हा अस्सल पाद आहे. तो म्हणता येतो, त्याला चाल लावता येते. सहांतून एकही न निवडणे ही तेथे निवडीची एक रीत ठरते, आणि अशी रीत एकच असते. भास्कराचार्यांनी शून्याचे क्रमगुणित सांगितलेले नाही, ते आपण त्यांच्या तोंडी घालू नये. पण काहीच न घेण्याचा प्रकार शून्य नव्हे, एक आहे, हे त्यांनी छंदाच्या ठिकाणी चोख मोजले आहे.

पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तीत या आकड्यांचा मेरू कसा रचायचा ते दिले आहे. वर एक घर, त्याखाली दोन, त्याखाली तीन. शिखरावरच्या घरात एक लिहायचा. दुसऱ्या ओळीत एक आणि एक. ही ओळ एकाक्षरी छंदाची, म्हणजे एक लघू किंवा एक गुरू. त्याखालच्या घरांत वरच्या दोन घरांची बेरीज करीत जायचे. आता दुसरी ओळ एकाक्षरी छंदाची असेल, तर शिखरावरचा तो एक कोणत्या छंदाचा? हिशेबाने पाहिले तर ज्यात एकही अक्षर नाही अशा छंदाचा. असल्या छंदात कोणी कवी लिहीत नाही. पण तो एक काढला तर मेरूला शिखर राहत नाही.

आजच्या पद्धतीने हीच निवड क्रमगुणितांनी लिहितात. सहांतून दोन निवडायचे तर ६! ला २! आणि ४! यांच्या गुणाकाराने भागायचे: ७२० भागिले ४८, म्हणजे १५. आता सहाही रस घालून किती पदार्थ होतात ते याच सूत्राने पाहा. निवडलेले सहा, उरलेले शून्य. म्हणून ६! ला ६! आणि ०! यांच्या गुणाकाराने भागायचे. असा पदार्थ एकच आहे, हे पोळपाटापाशी बसलेली आजीही सांगेल. तो एक यायचा असेल, तर ०! एकच असला पाहिजे. ते शून्य धरले तर शून्याने भागण्याची पाळी येते; दोन धरले तर अर्धा पदार्थ होतो. काहीच न घेण्याच्या गूढात न शिरता, सगळेच्या सगळे घेण्याच्या रोखठोक प्रश्नातही हा शून्य भेटतो आणि एकच मागतो.

*

ज्याला निवडीचा हिशेब अवघड वाटतो, त्याला मी जिना उतरायला लावतो. ५! म्हणजे १२०. त्याला पाचाने भागले की ४!, म्हणजे २४. चाराने भागले की ३!, म्हणजे ६. तिनाने भागले, दोन. दोहोंनी भागले, एक. हा १! झाला. आता याच चालीने आणखी एक पायरी उतरायची म्हणजे एकाला एकाने भागायचे. उत्तर एक. कोणी काही मानलेले नाही. पायऱ्यांनीच तेथे आणून सोडले.

यावर मुलांचा एक ठरलेला प्रश्न येतो. काहीच गुणले नाही तर उत्तर एक कसे? वाण्याच्या वहीचे पान कोरे असेल तर बेरीज शून्य, कारण पहिल्या रकमेआधी शून्य होते. त्या शून्यात मिळविले तरी पहिली रक्कम बदलत नाही. गुणाकाराचा आरंभही अशाच निरुपद्रवी संख्येपासून करायला हवा. शून्यापासून केला तर पुढचे सगळेच शून्य होईल. गुणाकारात कोणाला न दुखावणारी संख्या एकच, आणि ती म्हणजे एक. एकही गुणक अजून आलेला नाही, त्या क्षणी पाटीवर जो उभा असतो तो हा एक.

आणि भाषेच्या मास्तरालाही याचे नवल वाटू नये. मराठीत प्रथमेला प्रत्यय नाही. 'राम आला' यात रामाला काहीच लागलेले नाही. म्हणून रामाला विभक्ती नाही असे आपण म्हणतो का? आठ विभक्तींत पहिली म्हणून तिची गणती होते. पाणिनीच्या व्याकरणात तर लोप पावलेला प्रत्यय, दिसत नसला तरी, आपले काम करून जातो. काही नसणे हीदेखील एक अवस्था असते आणि व्यवस्थेत तिला जागा लागते, हे व्याकरण शिकलेल्या माणसाला पटायला जड जाऊ नये.

*

मग एवढ्यावरून असे समजायचे का, की शून्याच्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर मानून टाकावे? येथेच गणिताचा कडकपणा दिसतो.

ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त शून्याचे नियम प्रथमच पद्धतशीर मांडले. शून्य मिळविणे, वजा करणे, त्याने गुणणे हे सारे आजही तसेच चालते. पण शून्याला शून्याने भागले तर शून्य, असेही त्याने लिहिले, आणि ते टिकले नाही. का टिकले नाही? भागाकार म्हणजे उलटा गुणाकार. शून्याने कशाला गुणले म्हणजे शून्य येते? शून्याला गुणले तर येते, सातांना गुणले तरी येते, हजारांना गुणले तरी येते. उमेदवार अनंत आणि प्रत्येकाचा हक्क सारखा. मग शून्यालाच निवडायचे कारण काय? आणि एकाला शून्याने भागायचे म्हटले तर उलट अडचण: शून्याला कशानेही गुणून एक येत नाही, म्हणजे उमेदवारच नाही. भास्कराचार्यांनी अशा राशीला खहर म्हटले आणि कितीही मिळविले वा काढले तरी जिच्यात बदल होत नाही अशा त्या राशीला त्यांनी बीजगणितात अच्युताची उपमा दिली. उपमा भव्य आहे. पण तिच्यावर साध्या अंकांचे नियम चालेनात, आणि शाळेच्या अंकगणिताने अखेर ती जागा मोकळीच ठेवली.

क्रमगुणिताच्या जिन्यावरही हाच न्याय लागतो. शून्याच्या पायरीवरून आणखी खाली, उणे एकाच्या पायरीवर उतरू पाहा. नियमाप्रमाणे एकाला शून्याने भागावे लागेल. पायरी नाही! ज्या नियमाने ०! ला एक दिला, त्याच नियमाने (−१)! ला नकार दिला. फर्मान काढणाऱ्याने दोन्हीकडे काहीही लिहिले असते.

याहून जवळचे उदाहरण मूळ संख्यांचे आहे. एक ही मूळ संख्या आहे का? पूर्वी कित्येक जण तिला तशी मानीत. डी. एन. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९१४ साली एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्यांची मोठी यादी छापली, तिच्या आरंभी एक आहे. आज तो वगळतात. कारण बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन, आणि क्रम सोडला तर मूळ अवयवांची ही फोड एकच, असा अंकगणिताचा मोठा सिद्धान्त आहे. एकाला मूळ म्हटले की त्याच बाराची फोड मागे एक, दोन, तीन एक लावीत हवी तितकी लांबविता येते, आणि सिद्धान्त सांगताना दर वेळी 'एक सोडून' असे पुसते जोडावे लागते. म्हणून एकालाच बाहेर बसविले. एक या संख्येने कोणाचे काही बिघडविले नव्हते. पण व्याख्या एकट्या संख्येकडे पाहून ठरत नाही, ती सगळ्या कुटुंबाकडे पाहून ठरते.

*

शेवटची साक्ष सेंट पीटर्सबर्गची आहे. १७२९ साली तेथे लेओनार्ड ऑयलर नावाचा बावीस वर्षांचा तरुण नोकरीला होता. क्रिश्चन गोल्डबाख याने एक विचित्र प्रश्न विचारला होता. दोनांचे क्रमगुणित दोन, तिनांचे सहा. मग अडीचांचे किती? अडीच वस्तूंची मांडणी कोण करणार? पण कागदावर हे सगळे ठिपके घातले, तर त्यांतून जाणारी सुंदर वक्ररेषा कोठल्या उंचीवरून जाईल, असे तरी विचारता येते. ऑयलरने त्या वर्षी १३ ऑक्टोबरला गोल्डबाखला पत्र लिहून उत्तर कळविले. अर्ध्याचे क्रमगुणित म्हणजे पायच्या वर्गमुळाची निमपट, सुमारे ०·८८६. जेथे कोणी वर्तुळ काढलेले नाही तेथे वर्तुळाचा पाय येऊन उभा राहिला.

पुढच्या जानेवारीत ऑयलरने हीच रीत एका आकृतीच्या क्षेत्रफळाच्या रूपाने मांडली. आकडा बदलला की आकृतीची वरची कड बदलते आणि क्षेत्रफळ त्या आकड्याचे क्रमगुणित देते. तीत शून्य घातले की वरची कड सपाट होते आणि एक लांब, एक रुंद असा साधा चौरस उरतो. त्याचे क्षेत्रफळ एक. शून्यासाठी वेगळी सोय केलेली नव्हती. अडीचांच्या शोधात निघालेल्या माणसाच्या वाटेवर शून्याचे घर लागले आणि तेथे एकाचीच पाटी होती. उणे एकाकडे जाऊ लागले की तीच रेषा आकाशाला भिडते. तेथेही जिन्याने दिलेल्या नकाराला दुजोरा मिळतो.

तरी एक शंका उरते. ठराविक ठिपक्यांतून वक्ररेषा हव्या तितक्या काढता येतात; मग ऑयलरचीच खरी कशावरून? याला समाधानकारक उत्तर मिळाले ते १९२२ साली, कोपनहेगनच्या हाराल्ड बोर आणि योहानेस मोलेरुप यांच्या पाठ्यपुस्तकात. हा बोर म्हणजे पदार्थविज्ञानातल्या नील्स बोरचा धाकटा भाऊ, आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविलेल्या डेन्मार्कच्या फुटबॉल संघातला खेळाडू. त्या दोघांनी दाखविले की आरंभ एकापासून व्हावा, जिन्याचा नियम मधल्या आकड्यांनाही लागू पडावा, आणि रेषा लॉगॅरिथमच्या मापाने काढली तर ती कोठेही मध्ये फुगून वर येऊ नये, एवढ्या तीन अटी घातल्या की एकच रेषा शिल्लक राहते, आणि ती ऑयलरची. व्याख्या आधी आली. तीच का, याचे हे उत्तर १९३ वर्षांनी आले. मधल्या काळात लोकांनी ती वापरली, कारण ती जेथे जेथे लावली तेथे तेथे हिशेब जुळत होता.

गणितातले मानणे हे असे असते. प्रश्न जुन्या नियमांच्या सीमेबाहेर पडतो. तेथे सिद्ध करण्याजोगे काही नसते, ठरवावेच लागते, आणि ठरविण्याचे स्वातंत्र्य खरेखुरे असते. परंतु ठरवू पाहणाऱ्यापुढे जुने सगळे नियम साक्षीला येऊन बसतात. मांडणी येते, निवड येते, जिना येतो, छंदाचा मेरू येतो. ते सर्व एकाच उत्तराकडे बोट दाखवीत असतील तर ते मानायचे. अनेक उत्तरांकडे दाखवीत असतील, किंवा कोणाकडेच नाही, तर जागा मोकळी ठेवायची आणि तसे उघड सांगायचे. अमुक ठिकाणी उत्तर नाही, असे लिहून ठेवायला धैर्य लागते. आचार्यांच्या अच्युतानंतर ते धैर्य यायला कित्येक शतके लागली.

म्हणून पुस्तकातली ती ओळ काढून टाकावी असे मी म्हणत नाही. ओळ बरोबर आहे. तिच्यापुढे आणखी चार ओळी असाव्यात, आणि पुस्तकाला जागा नसेल तर त्या मास्तरांच्या तोंडी असाव्यात. पाटणच्या मठातल्या मुलांना बाजाराने पोसले. त्या काळच्या शेटे-महाजनांना अंकपाशातले किती कळत होते कोणास ठाऊक. पण कोठेतरी मुले बसून 'किती?' आणि 'का?' विचारीत आहेत, यासाठी आपल्या मालातून वाटा द्यायला हरकत नाही, असे त्यांनी मानले होते. त्या मानण्यातही हिशेब पुरता केलेला होता असे मला वाटते.